देठ कुणी व्हायचं

मानवजातीच्या वाटचालीतले तीन टप्पे सुवर्णाक्षरांनी लिहिले जातील. माणसानं अग्नी पेटवला तो पहिला. माणूस चंद्रावर उतरला तो दुसरा. आणि माणसाच्या पेशी एकमेकींसाठी मरायला शिकल्या, तो तिसरा. हा तिसरा टप्पा येत्या सोमवारपासून गडहिंग्लजमध्ये सुरू होत असून पार्किंगची सोय आहे.

'एकोपा उपचार केंद्रा'चं हे पत्रक उत्तम कौलगेकरांच्या छापखान्यात छापलं गेलं. मागची बाजू कोरी राहत होती. कागद वाया जाऊ नये म्हणून उत्तमरावांनी तिथं एका हरवलेल्या म्हशीची जाहिरात टाकली. म्हैस चौथ्या दिवशी सापडली. पुढच्या बाजूचं काय झालं ते सांगायचं आहे.

उत्तमराव मुख्यतः लग्नपत्रिका छापायचे. तोवर जगातलं बाकी सगळं छापील वाङ्मय फोनच्या पडद्यावर गेलं होतं, पण पत्रिका कागदावरच राहिली होती. याचं कारण उत्तमरावांनी शोधून काढलं होतं. पडद्यावर राहिलेलं नाव मागाहून घालता येतं, त्यामुळे अपमान टिकत नाही. कागदावर राहून गेलं ते राहून गेलं. त्यावर दोन पिढ्या बोलणं बंद ठेवता येतं. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्या मामाच्या वर की शेजारी, या शास्त्रात गडहिंग्लज तालुक्यात त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांचा एकच सिद्धान्त होता: जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा, माणूस गाळू नका.

एक माणूस मात्र ते नेहमी गाळत. ती त्यांची थोरली बहीण, विमल. घरात तिला सगळे आक्का म्हणत. भावंडांच्या, मग भाचरांच्या पत्रिका निघाल्या, तेव्हा दर वेळी आक्का स्वतःच म्हणाली, "माझं कशाला रे? जोडीनं नावं बरी दिसतात." आणि एक नाव कमी झालं की दोन्ही बाजूंच्या ओळी सारख्या बसत. आक्का कधी रुसायची नाही. छापखान्याच्या दृष्टीनं हा फार मोठा गुण होता.

आई गेली तेव्हा आक्का नुकती अठराची झाली होती आणि शेंडेफळ रणधीर पाळण्यात होता. नेसरीचं एक स्थळ आलेलं होतं, मुलगा मास्तर. छाया जरा मोठी होऊ दे, मग महिपतीला कारखान्यात चिकटू दे, मग उत्तमचं बस्तान बसू दे, असं करत करत मास्तर शक्य तितकं सभ्यपणे थांबले आणि मग दुसरीकडे लग्न करून मोकळे झाले. आक्कानं बाहेरच्या खोलीत शिलाईमशीन मांडलं. गावातल्या तीन पिढ्यांचे ब्लाउज तिनं शिवले. भावंडं एकेक करून वर चढली. महिपती साखर कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, छाया निपाणीला चांगल्या घरी पडली, रणधीर पुण्यात कसल्याशा कंपनीत कसलासा प्रमुख झाला. आक्का उत्तमरावांकडे राहिली, किंवा उत्तमराव आक्काकडे राहिले. घर कुणाचं हे कुणी कधी विचारलं नाही.

मग आक्काची मूत्रपिंडं गेली.

सुरुवातीला डॉक्टरांनी साधं सांगितलं होतं, की भावंडांपैकी कुणी एक मूत्रपिंड दिलं तर बरं. महिपतीला साखर होती. कारखान्यात आयुष्य काढल्यावर ती असायचीच. छायाची तयारी होती, सासरची नव्हती. रणधीर म्हणाला, ही तिमाही संपू दे. उत्तमरावांचं ब्लडप्रेशर नेमकं त्याच आठवड्यात सापडलं. आक्का म्हणाली, राहू दे रे, मशीनवर जाते मी. ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जाऊ लागली. आयुष्यभर एका मशीनवर बसली होती, आता दुसऱ्याला जोडून घेतलं, असं ती स्वतःच हसून सांगायची.

आणि मग गावात एकोपा केंद्र उघडलं. तिथं मूत्रपिंड मागत नव्हते. रोग्याची स्वतःची चालत नव्हती, म्हणून जवळच्या नातेवाइकाच्या मांडीवरची नखाएवढी कातडी मागत होते.

दुसऱ्याच दिवशी चौघंही भावंडं द्यायला तयार झाली.

केंद्रातल्या डॉ. तस्नीम मुजावर मूळच्या आजऱ्याच्या. त्यांनी सगळ्यांना समोर बसवून समजावून सांगितलं. आंबोलीच्या रानात पानांच्या कुजीखाली एक जीव राहतो. पुस्तकात त्याला श्लेष्मबुरशी म्हणतात. त्यात चूक एवढीच, की ती बुरशी नाही.

"मग काय हाय?" महिपतीनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, नात्यानं सांगायचं तर भूछत्र हे आपलं चुलत भावंड. ही त्याच्याही मागची, पणजोबांच्या भावाच्या वंशातली. वड-पिंपळ त्याहून लांबचे. महिपतीला जीवशास्त्र कधी कळलं नव्हतं, पण भावकी तोंडपाठ होती. त्याला हे लगेच पटलं आणि त्यानं इतरांना समजावून सांगितलं.

हा जीव एरवी सुटासुटा राहतो. एकेक पेशी आपापली हिंडते, आपापलं खाते, कुणी कुणाला ओळख दाखवत नाही. पण खाणं संपलं की एक पेशी रसायनाची हाक देते. शेजारची ती ऐकते आणि पुढं पाठवते. बघता बघता लाखभर पेशी गोळा होतात आणि त्यांची बारीकशी गोगलगाय बनते. ती उजेडाच्या, उबेच्या दिशेनं सरकत वर येते आणि तिथं उभी राहते. उभं राहायला देठ लागतो. पाचातली एक पेशी देठ होते, म्हणजे ताठ होऊन मरून जाते. बाकीच्या चार तिच्यावरून चढून वर बोंडात बसतात, कवच घालतात, आणि वारा, मुंगी, जे मिळेल त्यावर बसून नव्या जागी जातात. दोऱ्याच्या टोकावर मोहरी ठेवावी, तेवढं हे सगळं.

केंद्रानं या जीवाची ही एक खोड उचलून माणसाच्या कातडीच्या पेशीत घातली होती. अशा पेशी रोग्याच्या अंगात सोडल्या की त्या सुट्या हिंडतात. निकामी होत आलेल्या अवयवापाशी त्यांना उपासमारीची हाक ऐकू येते. तिथं त्या गोळा होतात. काही मरून सांगाडा उभा करतात, बाकीच्या त्यावर बसून कामाला लागतात. चाळणी फाटली होती तिथं नवी चाळणी.

"फक्त एक गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "दाता एकच हवा. दोन नकोत."

एकाच अंगातल्या पेशी सगळ्या सारख्या, म्हणून मरायला त्यांची हरकत नसते. मेली तरी तीच, जगली तरी तीच. ओझं उजव्या हातानं उचलायचं की डाव्या, यावर आपण स्वतःशी भांडत नाही. पण रानात दोन घराण्यांच्या पेशी एका ढिगात आल्या, तर एखादं घराणं हळूच बोंडाकडे सरकतं आणि देठाचं काम दुसऱ्यावर सोडतं. दोन्ही घराणी तसलीच निघाली, तर मग काय होईल ते सांगता येत नाही.

"पण आम्ही सख्खी भावंडं हाय की वो," छाया म्हणाली.

"सख्खी म्हणजे निम्मी सारखी," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे निम्मी वेगळी."

मग एक कोण, हे ठरवायला चौघं उत्तमरावांच्या बाहेरच्या खोलीत बसली. महिपती म्हणाला, थोरला मी आहे, पण माझं काही म्हणणं नाही. त्या घरात याहून धोक्याचं वाक्य नव्हतं. छाया म्हणाली, मुलीचं काय, दिली की परकी. रणधीर पुण्याहून पडद्यावर होता. तो म्हणाला, आक्कानं मला पाळण्यातून वाढवलं, निदान एवढा तरी हक्क माझा आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. उत्तमरावांनी तिघांची तोंडं पाहिली. आपलं नाव पत्रिकेत कुठं येतंय ते शोधणारी माणसं त्यांनी उभ्या जन्मात पाहिली होती. हीच ती तोंडं. एकाला घेतलं तर तिघं तुटणार होते, आणि ती तूट आक्का बरी झाल्यावरही राहणार होती.

त्यांनी आपला सिद्धान्त लावला. अक्षर बारीक करा, माणूस गाळू नका.

केंद्राच्या व्यवस्थापकांच्या मुलीच्या पत्रिका तेव्हा छापखान्यातच होत्या. नावांचा एक अवघड पेच उत्तमरावांनी सोडवून दिला होता, त्यामुळे शब्दाला वजन होतं. हळद कुटताना मुसळाला पाच जणींचा हात लागतोच ना, एकटीनं कुटली म्हणून हळद जास्त पिवळी होते का, असं त्यांनी विचारलं. चौघांची चतकोर-चतकोर घ्या. व्यवस्थापकांना प्रयोग म्हणूनही ते आवडलं. मॅडमनी विरोध केला, तो लेखी नोंदवला, आणि मग व्यवस्थापकांनी सांगितलं तसं केलं. लेखी विरोधाचा उपयोग बहुधा एवढाच असतो.

हे सगळं चाललं होतं तेव्हा आक्का आतल्या खोलीत कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही, कारण ती रुसत नाही.

गुण आला. महिनाभरात मशीनच्या तीन वाऱ्यांची एक वारी झाली. आक्काच्या तोंडावर टवटवी आली, ती भाकरी थापायला बसू लागली. प्रत्येकानं आपापल्या परीनं याचा अर्थ लावला. महिपती बाजारात सांगू लागला, की आपल्या अंगात पहिल्यापासून चिकाटी आहे, ती तिला लागू पडली. छाया निपाणीच्या भिशीत मांडी उघडून व्रण दाखवायची. रणधीरनं आपल्या कंपनीत त्यागावर भाषण दिलं.

वैजयंतानं, म्हणजे उत्तमरावांच्या बायकोनं, ते आधी पाहिलं. ती आक्काला न्हाऊ घालत होती. डाव्या बरगडीखाली लिंबाएवढी गाठ लागली. मऊ. दुखत नव्हती. दोन दिवसांनी पाहिलं तर तिथं नव्हती, पुढं बेंबीच्या अंगाला होती. आक्काची खुर्ची खिडकीपाशी असायची, डावी बाजू भिंतीकडे आणि उजवी उन्हाकडे. वैजयंतानं खुर्ची फिरवून ठेवली. तिसऱ्या दिवशी गाठ पुन्हा डावीकडे आलेली होती.

"अहो," ती उत्तमरावांना म्हणाली, "वन्संच्या पोटात काहीतरी उन्हाला येतंय."

केंद्रानं चौघांनाही बोलावलं; वैजयंताही बरोबर गेली. आक्काला एका मोठ्या यंत्राखाली झोपवलं आणि समोरच्या पडद्यावर आतलं चित्र उमटलं. चौघांच्या पेशी ओळखू याव्यात म्हणून मॅडमनी आधीच त्यांना वेगवेगळ्या चमकत्या रंगांच्या खुणा केल्या होत्या. महिपती लाल, छाया पिवळी, उत्तम निळा, रणधीर हिरवा. पडद्यावर एक झाड उभं राहिल्यासारखं दिसलं. वर रंगीबेरंगी भरगच्च बोंडं, जत्रेतल्या दिव्यांसारखी लखलखणारी. खाली अंधार.

चौघंही खूश झाली. महिपती म्हणाला, लाल जास्त दिसतोय. छायाला पिवळा नीट सापडेना, तो तिला उत्तमरावांनी बोट लावून दाखवला. रणधीर या खेपेला प्रत्यक्ष आला होता. त्यानं फोनवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आम्ही चौघं, आक्काच्या अंतरंगात.' त्यावर सगळ्या भाचरांनी हात जोडले.

यंत्राखालून आक्काचा आवाज आला. तिला मान वळवून पडद्याचा एक कोपरा दिसत होता.

"मॅडम, खालचा काळा कुणाचा?"

"त्याला रंग नाही, कारण त्या आम्ही सोडलेल्या पेशी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्या तुमच्या आहेत."

मग त्यांनी सांगितलं. चौघांच्या पेशी गोळा झाल्या, गोगलगाय झाली, उभं राहायची वेळ आली. देठ कुणी व्हायचं? लाल म्हणाली पिवळीनं व्हावं, पिवळी हिरवीकडे बघू लागली. मॅडम हे अर्थात रसायनांच्या भाषेत सांगत होत्या, पण ऐकणाऱ्यांना ते असंच ऐकू आलं. कुणीच होईना. तेव्हा त्या ढिगानं हाक आणखी जोरात दिली, आणि त्या हाकेला शेजारून ओ आली. आक्काच्या स्वतःच्या मूत्रपिंडात ज्या काही पेशी अजून धुगधुगी धरून काम करत होत्या, त्या ओढल्या गेल्या, ताठ झाल्या, मेल्या, आणि देठ झाल्या. वरचे चौघं त्यांच्यावरून चढून बोंडात जाऊन बसले. काही ढिगांना तेवढाही देठ मिळाला नाही. ते अजून ऊब शोधत हिंडत होते.

"म्हणजे काम कोण करतंय?" वैजयंतानं विचारलं.

"आता कुणीच नाही. सुरुवातीला थोडं केलं. आता ते कवच घालायच्या तयारीत आहेत."

मग महिपतीनं विचारलं, की लाल जास्त दिसतोय म्हणजे नेमकं काय समजायचं.

उपाय होता. 'विराम' नावाचं एक इंजेक्शन होतं. त्यानं बाहेरून सोडलेल्या सगळ्या पेशी थांबायच्या आणि विरघळून जायच्या. आक्काच्या उरलेल्या पेशी वाचल्या असत्या. पुढं एका दात्याच्या पेशी घालून पुन्हा सुरुवात करता आली असती. पण विराम जाग्या पेशींनाच लागू पडतो. बोंड पिकलं, कवच चढलं, की त्या झोपतात आणि मग त्यांना औषध कळत नाही. म्हणून लवकर.

अडचण कायद्याची होती. नव्या कायद्यानं पेशी कुठंही राहिली तरी ती मूळ मालकाचीच. ती नष्ट करायची तर त्याची संमती लागे. चौघांची हवी. किंवा मग सांभाळ करणारा माणूस, म्हणजे उत्तमराव, आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर सगळ्यांच्या वतीनं हो म्हणू शकत होता.

"म्हणा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता म्हणालात तर आत्ता देते."

उत्तमरावांनी तिघांकडे पाहिलं. तिघं तिथंच उभी होती. त्यांना न विचारता, त्यांच्यादेखत, त्यांचं नाव खोडायचं.

"सगळ्यांचं एकमत करून कळवतो की," ते म्हणाले. "एकमत झालेलं बरं."

नको असं कुणीच म्हणालं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. महिपतीची संमती होतीच, फक्त आधी इतरांची होऊ दे. थोरल्याच्याच पेशी पहिल्यांदा नष्ट केल्या तर लोक म्हणतील दोष लाल रंगाचाच होता. छायाचं म्हणणं, पिवळा मुळात चिमूटभर, त्यानं कुणाचं काय वाईट होणार. तरी सगळे करतील तसं ती करील. रणधीरला रंगांच्या खुणांची अदलाबदल झाली असल्याची शंका होती आणि बेंगळुरूच्या एका तज्ज्ञाला विचारायचं होतं. उत्तमराव रोज तिघांना फोन करायचे. शेवटी त्यांनी असा तोडगा काढला, की चौघांनी आपापल्या फोनवर एकाच क्षणी अंगठा ठेवायचा. म्हणजे पहिला कुणी नाही आणि शेवटचा कुणी नाही. तोडगा सगळ्यांना आवडला. मग तो क्षण कोणता, यावर बोलणं सुरू झालं. एका दिवशी अमावस्या निघाली. दुसऱ्या दिवशी छायाच्या पुतणीचं डोहाळजेवण होतं, आणि अशा दिवशी असलं काही नको.

वैजयंता रोज ऐकत होती. एकदा पोळपाट बाजूला सारून ती बाहेर आली.

"तुम्ही बहीण वाचवताय का पत्रिका छापताय?"

उत्तमराव म्हणाले, तुला कळायचं नाही, माणसं तुटली की जोडता येत नाहीत.

"वन्संला जोडता येतंय का बघा मग," ती म्हणाली आणि आत गेली.

आक्का खिडकीपाशी बसून राहायची. हल्ली ती खुर्ची स्वतःच दर थोड्या वेळानं फिरवून घ्यायची, गाठी एका जागी फार वेळ बसू नयेत म्हणून. रेडकांना हाकलावं तसं.

एके सकाळी तिला उठता येईना. पाय सुजून खांब झाले होते आणि तोंडाला उग्र वास येत होता. तेव्हा उत्तमरावांनी कुणाला फोन केला नाही. ते रिक्षातून तिला घेऊन केंद्रात गेले आणि मॅडमना म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर. चौघांच्याही." साठीच्या जवळ आलेला माणूस, पण एखादं नाव स्वतःच्या हातानं गाळायची त्यांची ती पहिलीच वेळ. आक्काचं सोडून.

विराम दिला. संध्याकाळी पुन्हा चित्र काढलं. हिंडत्या गाठी विरघळून गेल्या होत्या. बोंडं होती तशीच होती, फक्त आता लखलखत नव्हती. मंद, पिकलेल्या रंगाची.

"कवच चढलंय," मॅडम म्हणाल्या. "आता यांना औषध लागत नाही, उपासमार कळत नाही. ही वर्षानुवर्षं अशीच राहतील."

"म्हणजे आम्ही?"

"तुम्ही चौघं सुखरूप आहात."

उत्तमरावांनी पुढचं विचारलं. नव्यानं एका दात्याच्या पेशी घालता येणार नाहीत, मॅडम म्हणाल्या. आतली जागा यांनी अडवलेली आहे आणि हाक द्यायला आक्काची स्वतःची पेशी उरलेली नाही. मशीनवर परत जायचं. मशीनही फार दिवस साथ देणार नाही. थोडे महिने. संक्रांतीपर्यंत म्हटलं तर आशा धरल्यासारखं होईल.

आक्का पलंगावर उशी टेकून हे सगळं ऐकत होती. तिला एकच विचारायचं होतं.

"मॅडम, त्या काळ्या. माझ्या. त्या आपण होऊन गेल्या, का त्यांना ढकललं?"

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. "सांगता येत नाही, आक्का. रानातल्या जातीतसुद्धा अजून वाद आहे. एक पेशी देठ होते ती इतरांसाठी, की इतरांनी तिला दुसरी वाट ठेवली नाही म्हणून. मरताना दोन्ही सारखंच दिसतं."

"हं," आक्का म्हणाली. "मला पण कधी कळलं नाही."

काही सुचलं नाही की शास्त्रज्ञ आणखी शास्त्र सांगतात. मॅडमनी सांगितलं, की या श्लेष्मबुरशीसारखाच दिसणारा आणखी एक जीव आहे. तोही सुटा हिंडतो, गोळा होतो, देठावर उभा राहतो. अगदी जुळी बहीण वाटावी. पण नात्यानं कुणीच नाही. वडापिंपळाइतका लांबचा, कदाचित त्याहून लांबचा. दोन घराण्यांनी आपापल्या वाटेनं एकच युक्ती शोधून काढली. फरक एवढाच, की त्या दुसऱ्यात देठाच्या पेशी मरत नाहीत. काम झालं की त्याही उठतात आणि चालू लागतात.

"कुठं असतो तो?"

"झाडावरच वाळलेल्या शेंगांवर. कुठंही."

"आमच्या परसात पावट्याच्या हायत की वेलावर वाळलेल्या," आक्का म्हणाली. "मग तुम्ही तो का नाही घेतला?"

"याचा अभ्यास आधीपासून झालेला होता. आणि दिसायला दोन्ही सारखेच."

"स्थळ बघताना असंच होतंय," आक्का म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

पुढच्या रविवारी तिघं फळं घेऊन आली. आपल्याला न विचारता निर्णय घेतला म्हणून महिपती उत्तमरावांशी बोलला नाही. जे काय बोलायचं ते वैजयंताकडे बघून बोलला. छाया रडली. रणधीरनं बेंगळुरूच्या तज्ज्ञाचं उत्तर आल्याचं सांगितलं. रंग बरोबर होते. जाताना महिपतीनं दारात थांबून वैजयंताला विचारलं, की नंतर, म्हणजे सगळं झाल्यावर, आमच्या त्या पेशी परत काढून मिळतात का, मॅडमना विचारून ठेव. वैजयंतानं दार लावून घेतलं.

उत्तमराव आत गेले. आक्का खिडकीकडे पाठ करून बसली होती. आता खुर्ची फिरवायचं कारण उरलं नव्हतं. ते समोर पाटावर बसले. केंद्रापासून घरापर्यंत, मग रात्रभर अंथरुणात, मग छापखान्यात, त्यांनी एक बोलणं मनात जुळवलं होतं. त्यात नेसरीचे मास्तर होते, ते सापडलेलं ब्लडप्रेशर होतं, इतक्या वर्षांच्या पत्रिका होत्या. सगळं ओळीत लागलं होतं, एकही शब्द गळलेला नव्हता.

"आक्का," ते म्हणाले, "आजवर मी तुझं नाव कधी कुठं... तू म्हणालीस म्हणून नव्हे, मला सोयीचं होतं म्हणून. मी सगळ्यांना धरायला गेलो आणि जिला धरायचं तिला..." इथं ओळ तुटली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "महिपतदादाच्या नातवाची पत्रिका आता निघंल. त्यात पहिलं नाव तुझं. वर, मधोमध, एकटीचं. कुणी रुसलं तरी चालंल मला. आयुष्यात पहिल्यांदा सांगतो, चालंल."

आक्कानं ऐकून घेतलं. अंगातली घाण बाहेर पडत नसल्यामुळे तिला दिवसभर खाज सुटायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती खुर्चीत जरा पुढं सरकली.

"ते बघू," ती म्हणाली. "आधी तेवढी पाठ खाजव. मधोमध. तिथं माझा हात पुरत नाही."